आपलं 'खूप' आणि त्यांचं 'टू मच'

२००० सालापर्यंत आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. मी त्याच पिढीतला. मोजता येतं त्याला 'मेनी', येत नाही त्याला 'मच', हे तुमच्यासारखंच माझंही पाठ होतं. मला बुडवलं ते 'टू'नं.

पहिल्या नोकरीत परदेशी क्लायंटला मेल लिहायचा होता. टेस्टर, म्हणजे काम तपासणारी माणसं, भरपूर आहेत, काळजी नको, एवढंच सांगायचं होतं. मी ऐटीत लिहिलं, 'वी हॅव टू मेनी टेस्टर्स.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मग दोघांना कमी करू या का? मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं तरी माझी चूक मला कळेना.

घोळ आपल्या 'खूप'चा आहे. 'यंदा आंबे खूप आलेत' हे आपण आनंदानं म्हणतो आणि कपाळाला हात लावूनही म्हणतो. कुठलं ते सुरावरून कळतं. इंग्रजीत मात्र ती तक्रार 'टू'च्या पोटातच असते. त्यामुळे 'टू मच', 'टू मेनी' लिहिण्याआधी मराठीत 'नको तितकं' घालून वाक्य म्हणून बघा. आमच्याकडे नको तितके टेस्टर आहेत. हसलात ना? मी तेव्हा रडकुंडीला आलो होतो. मुलाखतीत 'आय हॅव टू मच एक्स्पीरियन्स' म्हणणारी मुलं आजही भेटतात. समोरच्याला वाटतं, मग इथे कशाला आलास बाबा! 'टू गुड' हे कौतुक आपल्या आपल्यात खुशाल करा, परदेशी क्लायंटला नको.

अडलात तर 'अ लॉट ऑफ' वापरा. ते 'टाइम'लाही चालतं आणि 'पीपल'लाही. क्रियापद मात्र पुढच्या नामाकडे बघून: टाइम 'इज', पीपल 'आर'. 'आय हॅव मच वर्क' व्याकरणात बसतं, पण कानाला पुस्तकी लागतं. साध्या होकारी वाक्यात 'मच' टाळा, नकारात आणि प्रश्नात बिनधास्त वापरा. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर' यांना 'मेनी' लावू नका आणि शेपटीला 'एस'ही जोडू नका. यात मी अजून अधूनमधून घसरतो, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला मी पैसे भरले होते. तिथे तक्ता मिळाला, तो भिंतीवरच राहिला. कामी आल्या त्या टीममधल्या एक सीनियर मॅडम. त्या चूक सांगायच्याच नाहीत, शब्दाखाली लाल रेघ मारून मेल परत पाठवायच्या. राग यायचा. पण अशी रेघ मारणारं कुणी भेटलं तर सोडू नका.

'पुरेसा मोठा' या आपल्या क्रमामुळे मी 'इनफ बिग' लिहायचो, त्यावर तर किती रेघा! नामाच्या आधी 'इनफ': 'इनफ टाइम'. विशेषणाच्या मात्र मागे: 'बिग इनफ'. आणि 'प्लेन्टी ऑफ' म्हणजे पुरून उरेल इतकं. टेस्टरांसाठी मला तोच शब्द हवा होता.

पुढे एकदा परदेशी पाहुण्यांबरोबर जेवताना वाढणाऱ्याला मी 'पुरे' या अर्थानं नुसतं 'इनफ!' म्हणालो. टेबलावर शांतता पसरली. नुसतं 'इनफ!' हे दरडावल्यासारखं वाटतं. 'दॅट्स प्लेन्टी, थँक यू' म्हणायचं असतं, हे मॅडमनी त्या दिवशी मात्र तोंडी सांगितलं.