रेडिओ केंद्राचा मालक बदलला तर काय तपासाल: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या श्रोत्यांसाठी आणि जाहिरातदारांसाठी

मालक बदलल्याची बातमी आली की सगळे गाण्यांकडे कान लावतात. लक्ष द्यायचे ते बोलण्याकडे. गाण्यांची यादी मुंबईत बसूनही करता येते. पण 'राकसकोपच्या जलवाहिनीचं काम सुरू आहे, आज टिळकवाडीत पाणी उशिरा येईल' हे सकाळी सात वाजता सांगायला गावाची माहिती असलेला पगारी माणूस लागतो. खर्च कमी करायचा ठरला की पहिली कात्री त्याच्यावर चालते. एकदा ती वेळ बाहेरच्या कार्यक्रमाने भरली की परत मिळवणे फार अवघड जाते, म्हणून तपासणी पहिल्या दोन महिन्यांतच करा.

आधी केंद्र कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा. धारवाड, सांगली, कोल्हापूर ही आकाशवाणीची केंद्रे आहेत, ती विकली जात नाहीत. तिथले बदल आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या निर्णयाने होतात आणि तक्रारही तिकडेच करायची. बेळगावातील केएलई शिक्षणसंस्थेच्या वेणुध्वनी ९०.४ सारख्या सामुदायिक केंद्राची परवानगी संस्थेच्या नावावर असते आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे असे केंद्र विकल्याची अफवा ऐकली तर विश्वास ठेवू नका. संस्थेतली माणसे मात्र बदलू शकतात. तसे झाले तर किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून होतात का, एवढे विचारा, कारण ती परवानगीची अटच आहे. खरा मालकीबदल होतो तो खासगी एफएममध्ये. २०२४ मध्ये बिग एफएमचे जाळे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून सफायर मीडियाकडे गेले, ते अशाच बदलाचे उदाहरण.

आता नोंद. पहिल्या आठवड्यात सात दिवस रोज सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ रेकॉर्ड करा, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा तसेच करा. रविवार वगळू नका. ६४ केबीपीएस मोनोमध्ये एका तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे आठवड्याच्या २८ तासांचे सगळे मिळून ८०० एमबीच्या आसपास. मोबाइलच्या एफएमला वायरचा इअरफोन हाच अँटेना असतो. तो गुंडाळून खिशात ठेवलात तर खरखरच रेकॉर्ड होईल. घरच्या रेडिओला सुमारे ७५ सेंटीमीटर वायर सरळ ताणून लावा. खानापूरकडच्या डोंगराळ गावांत खिडकीची बाजू बदलली तरी फरक पडतो.

मग वहीत प्रत्येक तासाचे एक पान करा आणि अशा ओळी लिहा:

७.०४ – गाणे, हिंदी, ४ मि. १५ से.
७.०८ – निवेदक, मराठी, खडेबाजारातली वाहतूक, ४० से.
७.०९ – जाहिराती ५, त्यात गावातल्या २
७.१२ – निवेदक, हिंदी, सिनेमाबद्दल, १ मि.

तासाच्या शेवटी तीनच बेरजा करा: मराठी बोलणे किती सेकंद, त्यात गावाशी संबंधित किती, आणि गावातल्या जाहिराती किती. कार्यक्रमाचे नाव, जिंगल, आरजे या गोष्टी वरवरच्या आहेत. त्या बदलूनही स्थानिक सेकंद तेवढेच राहिले तर काळजी नको. उलट नाव जुनेच राहून हे सेकंद पहिल्या आठवड्यात तासाला ३०० आणि चौथ्या आठवड्यात ६० झाले, तर बदल झालेला आहे, केंद्राने जाहीर केलेले नसले तरी.

निवेदक खरोखर गावातून थेट बोलतोय का, हे ओळखायचे साधे मार्ग आहेत. तो मिनिटासकट वेळ सांगतो का? तुम्ही पाठवलेल्या संदेशाचा त्याच तासात उल्लेख होतो का? 'तुमच्या शहरात' एवढेच म्हणतो की 'अनगोळात, वडगावात' म्हणतो? येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा ही नावे असलेला संदेश पाठवून पाहा. बाहेरून आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमात तो वाचलाच जाणार नाही, आणि दूरच्या निवेदकाने वाचलाच तर 'येळ्ळूर' म्हणताना बहुतेक अडखळेल.

एक चूक हमखास होते. ९०.४ ही फ्रिक्वेन्सी देशात अनेक सामुदायिक केंद्रांना दिलेली आहे, आणि एफएममध्ये जो सिग्नल जोरात येतो तोच रेडिओ पकडतो. हवेच्या थरांमुळे एखाद्या सकाळी लांबचे केंद्र मध्येच ऐकू येते आणि 'आपल्या केंद्रावर अचानक दुसरीच भाषा' असा समज होतो. नेहमीचे जिंगल ऐकल्याशिवाय त्या वेळेची नोंद धरू नका. खासगी केंद्राची फ्रिक्वेन्सी सरकारने दिलेली असते, नुसता मालक बदलल्याने ती बदलत नाही.

जाहिरातदारांनी सगळ्यात आधी बिल पाहावे. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे कंपनीचा पॅन. केंद्राचे नाव बदलले पण पॅन तोच असेल, तर कंपनी तीच आहे आणि तुमचा आरओ (जाहिरातीची लेखी ऑर्डर) लागू राहतो. पॅन बदलला असेल तर उरलेले स्पॉट, म्हणजे पैसे भरलेल्या पण अजून न वाजलेल्या जाहिराती, नवी कंपनी वाजवणार, असे तिच्या लेटरहेडवर लेखी घ्या. निपाणीच्या दुकानदाराला कोल्हापूरच्या केंद्राचे बिल २७ ने सुरू होऊन आयजीएसटीसह (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) येते. त्यात काही गैर नाही.

कंपनी दिवाळखोरीत असेल तर आगाऊ भरलेल्या पैशांचा दावा मुदतीत नोंदवा, कागद म्हणून आरओ, पावती आणि प्रसारण प्रमाणपत्र (जाहिरात वाजल्याचा दाखला) जोडा. कंपनी नव्या मालकाकडे देण्याची योजना मंजूर झाल्यानंतर न नोंदवलेल्या दाव्याचे काही उरत नाही. मालकीबदलाच्या काळात वर्षभराचे पैसे एकरकमी देऊच नका. महिन्याचे द्या, आणि आरओमध्ये फक्त '२० सेकंद, दिवसाला ६ वेळा' असे न लिहिता 'सकाळी ७ ते १०, मराठी स्थानिक कार्यक्रमात' असे लिहून घ्या. कार्यक्रम बंद पडला तर स्पॉट रात्री अकराला सरकवण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

पत्र लिहाल तेव्हा एकच मागणी ठेवा. 'स्थानिक बातम्या द्या' ही मागणी खासगी केंद्राला मान्य करताच येत नाही, त्याला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे देता येते. पण वाहतूक, हवामान, परीक्षा आणि प्रवेश, गणेशोत्सवासारखे सण, प्रशासनाने कळवलेली वीज आणि पाण्याची माहिती, हे सगळे त्याला चालते. म्हणून मागा ते हे: सकाळी ७ ते ९ गावातून थेट मराठी निवेदन आणि तासाला किमान चार वेळा स्थानिक माहिती. सोबत वहीतल्या बेरजा जोडा, पहिला आठवडा आणि चौथा आठवडा शेजारी शेजारी. शंभर श्रोत्यांच्या सह्यांइतकेच वजन पाच दुकानदारांच्या पत्राला असते, जर त्यात 'हा कार्यक्रम राहिला तर तीन महिन्यांचे स्पॉट घेऊ' असे लिहिले असेल. एक प्रत स्थानिक केंद्रप्रमुखांना मराठीत, दुसरी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला इंग्रजीत पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.