बाळाचं खिमट आणि नाचणीचं पीठ: कोरडं साठवा, ओलं रोज शिजवा

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं. घरात दोन पिठं तयार असली की निम्मं काम झालं: खिमटाचं आणि मोड आलेल्या नाचणीचं. साठवायचं ते हे कोरडं पीठ. दोन दिवसांची पेज एकदम शिजवून ठेवली तर थोडा गॅस वाचतो खरा, पण भात-डाळीचं ओलं अन्न आपल्या हवेत भराभर बिघडतं आणि वासावरून ते दर वेळी कळतंच असं नाही.

खिमट

तांदूळ २०० ग्रॅम, मूगडाळ १०० ग्रॅम, अर्धा चमचा जिरं. जुना जाडा तांदूळ चालतो, बासमतीची गरज नाही. तांदूळ आणि डाळ तीन-चार पाण्यांनी धुवा आणि सुती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळवा. दाणा दाताखाली कडक लागला पाहिजे. बहुतेकांचं पीठ इथेच फसतं: आतून ओलसर राहिलेल्या पिठाला आठवड्यात कुबट वास येतो.

मंद आचेवर दोन्ही वेगवेगळं भाजा. तांदळाला सात-आठ मिनिटं लागतात, दाणा पांढरा आणि ठिसूळ होईपर्यंत. डाळ पाच मिनिटांत खमंग होते. एकत्र भाजलं तर तांदूळ होईतो डाळ करपते. जिरं शेवटी, गरम कढईत नुसतं परतून. सगळं गार झाल्यावरच मिक्सरमध्ये बारीक रव्यासारखं दळा.

एका वेळी सपाट दोन चमचे (पोह्यांचे) पीठ आणि वाटीभर पाणी. या मापाने तीसेक वेळा होतात आणि सगळा खर्च साधारण पंचवीस-तीस रुपये येतो.

मोडाची नाचणी

अर्धा किलो नाचणी आधी रोळून घ्या. नुसतं धुऊन भागत नाही, बारीक खडे तळाशी राहतात. आठ-दहा तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात चोवीस तासांत मोड दिसतात, थंडीत छत्तीसही लागतात. मोड दोन-तीन मिलिमीटरचे झाले की थांबायचं. पुरचुंडी चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर ती नाचणी टाकून द्या. वाळवून, भाजून ती सुधारत नाही.

कडक उन्हात वाळवा आणि अगदी हलकी भाजा, फक्त ओल जाईपर्यंत. मोड येताना दाण्यात पिष्ट (स्टार्च) तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं. त्यामुळे पीठ शिजल्यावर कमी फुगतं, पेज सैल राहते, आणि बाळाच्या इवल्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त दाणा जातो. खरपूस भाजलं की हा गुण गेला.

पुष्कळ घरांत नाचणी वाटून, गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून सत्त्व करतात. ते पचायला हलकं, पण चोथ्याबरोबर कॅल्शियम आणि लोहही बरंच निघून जातं. आमच्या मते पहिले दोन-तीन आठवडे पीठ वस्त्रगाळ करावं, पुढे मैद्याची चाळणी पुरे. गिरणीवर दळायला द्याल तर आधी काय दळलं ते विचारा. जात्यात अडकलेलं मिरचीचं किंवा बेसनाचं पीठ तुमच्या डब्यात येतं.

डबा

कोरडा स्टीलचा किंवा काचेचा, झाकणावर तारीख. आतला चमचाही कोरडा. बाहेर महिनाभर, फ्रीजमध्ये दोन महिने. पावसाळ्यात निम्मंच करा आणि फ्रीजमध्येच ठेवा. बदाम-शेंगदाण्याची पूड पिठात मिसळू नका: तिचं तेल खवट होतं आणि सगळा डबा वाया जातो. शिवाय बाळाला काही सोसलं नाही तर नेमकं कशाने, ते कळायला हवं. म्हणूनच नवा पदार्थ एका वेळी एकच, मध्ये तीन दिवस.

शिजवताना

पीठ आधी गार पाण्यात कालवा. उकळत्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. खिमट आठ-दहा मिनिटं, नाचणी चकाकी येऊन कच्चा वास जाईपर्यंत, पाच-सहा मिनिटं. चमचा कलता केला तर पेज हळूच घसरावी. पाण्यासारखी ओघळली तर पोट पाण्यानेच भरतं. वर अर्धा चमचा तूप, खिमटात खाली उतरवल्यावर लिंबाचे दोन थेंब. त्याने लोह नीट अंगी लागतं. मीठ, साखर, गूळ पहिलं वर्षभर नको. मध तर चाटवायलासुद्धा नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो.

सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांनी. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

ओलं साठवायचंच तर लाल भोपळा, गाजर, रताळं. वाफवून, घोटून, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. गोठल्यावर वड्या डब्यात काढा आणि महिन्याच्या आत संपवा. लागेल तेवढी वडी थेट पातेल्यात टाकून वाफा येईपर्यंत गरम करा. पुन्हा गोठवू नका. रोज चार-पाच तास वीज जाते तिथे हा उद्योग नकोच. बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत बुडाला, त्यातलं उरलेलं झाकून ठेवू नका, लाळेमुळे ते लगेच बिघडायला लागतं. म्हणून वाटीत थोडंच घ्यावं, लागलं तर पातेल्यातून दुसऱ्या चमच्याने वाढावं.