सागरी उद्यानातल्या बेटावर जाताना: बेत परतीच्या बोटीपासून आखा

शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे आधी विचारा आणि परतायचं ठरवा तिच्या आधीच्या फेरीने. वारा वाढला की शेवटचीच फेरी रद्द होण्याची भीती जास्त, आणि बऱ्याच बेटांवर मुक्कामाची सोय किंवा परवानगी नसते. प्रवेशाचा परवाना बोटीच्या तिकिटातच धरलाय की वेगळा काढायचा, तेही त्याच वेळी कळून घ्या.

मग भरती-ओहोटीचं वेळापत्रक. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्यांनी सांगितलेली वेळ त्यामुळे कामाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते. खडकांतली डबकी आणि त्यांतले जीव पाहायला याहून चांगले दिवस नाहीत. मात्र तेव्हाच उथळ धक्क्याला बोट लागत नाही आणि गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. पाणी एकसारखं चढत नाही, हे नीट लक्षात ठेवा: भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी चढतं. माणसं खडकांवर अडकतात ती याच वेळी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की किनाऱ्याकडे वळा. स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं पाहायला, अष्टमीच्या आसपासचा भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस) बरा. ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळल्याने पाणीही बहुधा नितळ मिळतं.

जाणं सकाळी ठेवा, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. लहान बोटीने जाणार असाल आणि अंदाज 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर वाऱ्याचा असेल, तर दिवस बदला. वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्या आणि आखूड होतात. तेव्हा याहून कमी वाऱ्यातही त्रास होतो.

बोट लागण्यावरची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. बसा मध्यावर, नजर क्षितिजावर. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

प्रवाळावर नांगर टाकणारी बोट घेऊच नका. बोट बांधायला बोया, म्हणजे तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा, आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. गोलसर भरीव प्रवाळ वर्षाला फार तर दोनेक सेंटिमीटर वाढतं, नांगर ते क्षणात फोडतो. पोहताना दमलात तर पाठीवर तरंगा, प्रवाळावर उभे राहू नका. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या रसायनांनी प्रवाळाला अपाय होतो म्हणून हवाईने ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 2021 पासून बंदी घातली आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्टच घाला.

बोटीत चढण्याआधी बुटांच्या तळव्यांतलं बी-माती झाडा आणि पिशवीत मुंग्या किंवा उंदीर नाहीत ना, हे पाहा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी उंदीर फस्त करतात, आणि एकदा बेटावर पोचलेला उंदीर हटवणं फार अवघड असतं.