अँबॅसेडरला अल्टरनेटर बसवताना चार्जिंगच्या दिव्याची जोडणी

जुन्या अँबॅसेडरचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) काढून त्याजागी अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे जनित्र) बसवल्यावर पुष्कळदा तो गाडी सुरू होताच चार्जिंग करत नाही. इंजिन बरेच रेस केल्यावरच करू लागतो. अशा वेळी डॅशबोर्डवरील चार्जिंगचा लहानसा दिवा आधी तपासावा. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, शिल्लक राहणारे चुंबकत्व फार क्षीण असल्यामुळे सुरुवातीचा थोडा करंट त्याला बॅटरीतून द्यावा लागतो, आणि तो करंट या दिव्यातूनच जातो.

कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीची केबल काढावी. बॅटरीचे निगेटिव्ह टोकच बॉडीला जोडलेले आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण पोलॅरिटी उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असल्यास अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तत्काळ जळतात. डायनामोची कटआउट पेटी (त्याचे चार्जिंग नियंत्रित करणारी पेटी) सर्किटमधून वगळावी लागते. ती लुकास कंपनीची आरबी 106 या मॉडेलची असेल, तर 'ए' आणि 'ए 1' या टर्मिनलवरील वायरी एकत्र घट्ट जोडाव्यात. तसे न केल्यास हेडलाइट आणि इग्निशनचा पुरवठाच तुटतो. 'डी' टर्मिनलवरची दिव्याची बारीक वायर सोडवून, 1 चौरस मिलिमीटरच्या वायरने वाढवून, अल्टरनेटरच्या 'डी प्लस' किंवा 'आयएनडी' असे लिहिलेल्या लहान टर्मिनलवर न्यावी. दिव्याची दुसरी बाजू इग्निशन स्विचवर आहे तशीच राहू द्यावी.

बल्ब 12 व्होल्ट, 2.2 वॅटचा घ्यावा. एलईडीमधून पुरेसा करंट जात नाही; ती लावायचीच असेल, तर तिला समांतर 68 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडावा. दिवा वगळून इग्निशनची वायर थेट या टर्मिनलला मात्र कधीही जोडू नये. तसे केल्यास किल्ली बंद केल्यावरही अल्टरनेटरकडून इग्निशन कॉइलला उलटा पुरवठा मिळत राहतो आणि इंजिन बंद होत नाही.

आता बॅटरी जोडून, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी. दिवा स्पष्ट पेटला पाहिजे, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेल्यास ते किंचित खेचले गेलेले हाताला जाणवते. दिवा पेटत नसेल, तर लहान टर्मिनलवरची वायर काढून इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवावी; तेव्हा तो पेटला, तर दोष ब्रश (रोटरला करंट पोचवणारे भाग), रोटर किंवा रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागात) आहे. इंजिन सुरू केल्यावर दिवा विझून बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावेत. चार्जिंग पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढण्याची जुनी सवय येथे सोडावी, कारण व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर निकामी होऊ शकतात. किल्ली बंद असतानाही दिवा मंद पेटत असेल, तर एखादा डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी करताना बॅटरीची केबल काढून ठेवावी.