सेशन उघडले कुणी आणि बंद करणार कोण? ओआरएम वापरताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली की, आम्ही एका अडत्यासाठी बांधलेली वेब सेवा ऐन लिलावाच्या वेळी अडकून पडत असे. गाडीची आवक नोंदवायची, लिलावाचा दर टाकायचा, हमाली आणि तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढायची आणि त्याच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा, एवढेच तिचे काम होते. पायथॉन भाषा, फास्टएपीआय ही वेब चौकट, डेटाबेसमधल्या ओळी प्रोग्राममधल्या वस्तू म्हणून हाताळू देणारे एसक्यूएलअल्केमी हे ओआरएम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, अशी तिची सरळ बांधणी होती. उन्हाळाभर विनातक्रार चाललेली ही सेवा हंगामात मात्र तीस-तीस सेकंद थांबायची आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायची: कनेक्शनच्या पूलची 5 आणि गरजेपुरती वरची 10 अशी मर्यादा संपली, 30 सेकंद वाट पाहूनही कनेक्शन मिळाले नाही.

पूल म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा. हे तिन्ही आकडे एसक्यूएलअल्केमीचे मूळचे, म्हणजे कुणी काही न ठरवता मिळणारे आकडे आहेत. ते वाचून पूल मोठा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि आम्हालाही झाला. तेवढ्याने दोन दिवस निभावले, पण नंतर तीच कोंडी डेटाबेसच्या दारात झाली. मायएसक्यूएल मुळात 151 कनेक्शन स्वीकारते आणि पोस्टग्रेएसक्यूएल 100. पूल प्रत्येक वर्कर प्रोसेसचा, म्हणजे सेवेच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक प्रतीचा, वेगळा असतो, त्यामुळे एका यंत्रावर चार वर्कर आणि प्रत्येकी पंधरा कनेक्शन धरली तरी साठ होतात. अशी तीन यंत्रे लावली की मायएसक्यूएलची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पूलचा आकडा बदलण्याआधी, कनेक्शन कोण धरून बसले आहे आणि किती वेळ, हे शोधले पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्या अपुऱ्या आकलनातून होतात. सेशन म्हणजे कनेक्शन नव्हे. सेशन ही कामाची वही आहे: कोणत्या वस्तू वाचल्या, कोणत्या बदलल्या, कोणत्या नव्याने लिहायच्या आहेत, याची नोंद ती ठेवते. पहिली क्वेरी निघते त्या क्षणी सेशन पूलमधून कनेक्शन उसने घेते आणि कमिट (बदल कायम करणे), रोलबॅक (बदल मागे घेणे) किंवा क्लोज होईपर्यंत ते परत करत नाही. नुसते सेशन उघडून ठेवले तर काही अडत नाही, पण एक ओळ वाचून ते तसेच सोडले तर ट्रान्झॅक्शनही, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा संचही, उघडे राहते आणि कनेक्शनही अडते.

आमची चूक नेमकी इथेच होती आणि ती डोळ्यांसमोर असूनही बरेच दिवस दिसली नाही. पट्टी तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये आम्ही पट्टी जोडत होतो, कमिट करत होतो आणि त्यानंतरच संदेश पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेला हाक मारत होतो. क्रम बरोबर वाटत होता. पण संदेशाच्या मजकुरात पट्टीचा क्रमांक आणि रक्कम घालण्यासाठी आम्ही तीच वस्तू वाचत होतो. एसक्यूएलअल्केमीत कमिट झाल्यावर वस्तूंमधली सगळी मूल्ये शिळी मानली जातात. त्यातले एक जरी वाचले तरी ते डेटाबेसमधून पुन्हा आणले जाते. म्हणजे कमिटने परत केलेले कनेक्शन पुढच्याच ओळीत पुन्हा उसने घेतले जात होते आणि नवे ट्रान्झॅक्शन उघडून आम्ही संदेशाच्या उत्तराची वाट पाहत बसत होतो.

याची किंमत साध्या गणिताने कळते. पट्टी लिहिण्याचे डेटाबेसचे काम 40 मिलिसेकंदांचे असेल, तर पंधरा कनेक्शनवर सेकंदाला सुमारे 375 पट्ट्या निघू शकतात. तेच कनेक्शन संदेश जाईपर्यंत दहा सेकंद अडले, तर सेकंदाला दीडच पट्टी निघते. त्यात फास्टएपीआय साध्या, म्हणजे असिंक नसलेल्या एन्डपॉइंटसाठी चाळीस थ्रेडपर्यंत काम एका वेळी घेते. चाळीस जण आणि पंधरा खुर्च्या, अशी स्थिती आपोआपच तयार होते.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी संदेशाला लागणारी मूल्ये कमिटच्या पूर्वी साध्या चलांमध्ये काढून घेतली आणि सेशन बंद झाल्यावरच बाहेरची हाक मारली. नंतर ती हाकही तिथून काढली: पट्टीबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे संदेश’ या टेबलमध्ये एक ओळ लिहायची आणि वेगळ्या वर्करने ती वाचून संदेश पाठवायचा. मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण आधी संदेश पाठवून मागाहून कमिट करण्याच्या पद्धतीत कमिट फसले, तर शेतकऱ्याच्या हातात अस्तित्वातच नसलेल्या पट्टीची रक्कम जाते. हिशेबाच्या कामात ही चूक हळू चालणाऱ्या सेवेपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

सकाळची पहिली पट्टी

दुसरी तक्रार वेगळीच होती. अडत्याचा मुनीम रोज सकाळी फोन करून सांगायचा, “भाऊ, पहिली पट्टी आजही निघाली नाही, दुसरी निघाली.” मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन 28,800 सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, आपल्या बाजूने तोडते. बाजार संध्याकाळी आटोपून पहाटे पुन्हा सुरू होईपर्यंत आठ तासांहून अधिक वेळ जात होता. पूलला मात्र तुटल्याची काही खबर नव्हती. तो जुनेच कनेक्शन हातात देई आणि 2006 क्रमांकाची, सर्व्हर निघून गेल्याची एरर येई. यावर पूल-रीसायकल 28,800 च्या बराच खाली, उदाहरणार्थ 3,600 सेकंद, ठेवावा आणि पूल-प्री-पिंग चालू करावे, म्हणजे कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का, हे तपासले जाते. मधल्या फायरवॉलने कनेक्शन त्याहून लवकर तोडले, तर रीसायकलचा आकडा आणखी कमी करावा लागतो. प्री-पिंग फक्त आरंभी तपासते, हेही लक्षात असू द्यावे. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच कनेक्शन तुटले, तर ते संपूर्ण ट्रान्झॅक्शन नव्याने करण्यावाचून गत्यंतर नसते.

सगळ्यांसाठी एकच सेशन

मोड्यूलच्या वरच्या ओळीत एकदाच सेशन तयार करून सगळीकडे तेच आयात करणे, ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. तिची लक्षणे फसवी असतात. सेशन थ्रेडसाठी सुरक्षित नसते, त्यामुळे एका विनंतीचे अर्धवट बदल दुसऱ्या विनंतीच्या कमिटमध्ये जाऊ शकतात. एका विनंतीत फ्लश, म्हणजे वहीतले बदल कमिटआधी डेटाबेसकडे पाठवणे, फसले आणि रोलबॅक झाला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक विनंतीला ‘पेंडिंग रोलबॅक’ची एरर येते, मग तिचे स्वतःचे काम कितीही बिनचूक असो. आणखी एक लक्षण म्हणजे शिळी माहिती. मायएसक्यूएलची मूळ आयसोलेशन पातळी रिपीटेबल रीड आहे, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या वाचनाच्या वेळचे चित्रच शेवटपर्यंत दिसते. कधीच न संपणाऱ्या सेशनमध्ये हमालीचा दर टेबलमध्ये बदलला तरी सेवा जुनाच दर लावत राहते. ‘सेवा बंद करून चालू केली की बरोबर होते’ असे कुणी म्हणाले, की मी सर्वांत आधी सेशन कुठे तयार होते, ते पाहतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक असते. प्रत्येक मदतनीस फंक्शन स्वतःचे सेशन उघडू लागले की एका विनंतीत दोन-तीन ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून अनभिज्ञ राहून चालतात. पहिल्याने शेतकऱ्याच्या खात्याची ओळ बदललेली असते, कमिट केलेले नसते आणि दुसरे तीच ओळ बदलायला जाते. मग विनंती स्वतःच्याच लॉकसाठी थांबते आणि इनोडीबी या मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनच्या मूळ मर्यादेप्रमाणे 50 सेकंदांनी एरर येते. म्हणून सेशन एका विनंतीच्या आरंभी एकाच ठिकाणी उघडावे, फंक्शनना ते हाती द्यावे, आणि ज्याने उघडले त्यानेच कमिट किंवा रोलबॅक करून बंद करावे. आतल्या फंक्शनला क्रमांक लागत असेल तर त्याने फ्लश करावे. कमिट करण्याचा अधिकार त्याला देऊ नये.

सेशन वेळेवर बंद करू लागलो की एक नवी एरर भेटते. उत्तराचे जेएसऑन तयार होताना संबंधित वस्तू मागितली जाते, सेशन गेलेले असते आणि वस्तू ‘डिटॅच्ड’ (सेशनपासून सुटलेली) असल्याची तक्रार येते. जावातील हायबरनेटमध्ये हीच तक्रार ‘लेझी इनिशियलायझेशन’ या नावाने येते. अशा वेळी सेशन उत्तर जाईपर्यंत उघडे ठेवणे हा सोपा मार्ग वाटतो, आणि स्प्रिंग बूट तर ते आपणहून उघडे ठेवते, पण त्यामुळे मूळ दोष झाकला जातो. दिवसाच्या 200 पट्ट्यांची यादी दाखवताना प्रत्येक पट्टीचा शेतकरी वेगळा आणला गेला, तर एका क्वेरीच्या 201 क्वेरी होतात. काय लागणार आहे, ते क्वेरी लिहितानाच सांगावे: एका शेतकऱ्यासाठी जॉइन्डलोड (त्याच क्वेरीत जोडून), अनेक तपशील-ओळींसाठी सिलेक्टइनलोड (सगळ्यांसाठी मिळून वेगळी क्वेरी). उत्तराचा साचा सेशन उघडे असतानाच भरून घ्यावा. कमिटनंतर मूल्ये शिळी न मानण्याची सोय एक्स्पायर-ऑन-कमिट बंद करून मिळते. वेब सेवेत ती बहुधा सोयीची ठरते, पण ट्रिगरने बदललेली मूल्ये मग स्वतः रिफ्रेश करावी लागतात.

एरर पकडून लॉगमध्ये लिहिली आणि पुढे गेलो, असे ट्राय-एक्सेप्ट दिसले की तिथे रोलबॅक आहे का, ते पाहावे. तीनशे ओळी एकदम भरताना एखाद्या दुबार ओळीमुळे सगळे फसू नये असे वाटत असेल, तर त्या ओळीभोवती बिगिन-नेस्टेडने सेव्हपॉइंट, म्हणजे तेवढ्यापुरतेच मागे येण्याची खूण, ठेवावा. असिंक सेवेत एकच सेशन अनेक टास्कना वाटू नये; प्रत्येक टास्कला वेगळे द्यावे. मागून चालणाऱ्या कामाला विनंतीचे सेशन किंवा वस्तू न देता फक्त आयडी द्यावा. वर्कर चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरमध्ये प्रीलोड (वर्कर निघण्याआधीच कोड चढवणे) वापरत असाल, तर फोर्क झाल्यावर, म्हणजे मूळ प्रोसेसच्या प्रती निघाल्यावर, प्रत्येक वर्करने वारशाने आलेला पूल इंजिनच्या डिस्पोजने, क्लोज फॉल्स ठेवून, सोडून द्यावा. अन्यथा दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर बोलू लागतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला जाते.

चालू सेवेत दोष शोधायचा असेल, तर मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्टमधली ‘स्लीप’ ही नोंद पुरेशी नसते, कारण पूलमधली मोकळी कनेक्शनही तिथे तशीच दिसतात. इन्फर्मेशन स्कीमातले इनोडीबी-टीआरएक्स हे टेबल पाहावे. त्यात उघडे असलेले प्रत्येक ट्रान्झॅक्शन आणि ते सुरू झाल्याची वेळ असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी-स्टॅट-अॅक्टिव्हिटीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ ही स्थिती शोधावी. 9.6 या आवृत्तीपासून अशा सेशनसाठी कालमर्यादाही घालता येते.

आम्ही आता विकासाच्या लॅपटॉपवर पूलचा आकार 1, वरची मर्यादा 0 आणि प्रतीक्षा 2 सेकंद अशीच ठेवतो. कुठेही सेशन सांडले किंवा एखाद्या फंक्शनने गुपचूप दुसरे उघडले, की दोन सेकंदांत तिथल्या तिथे एरर येते आणि स्टॅक ट्रेसमध्ये दोषी ओळीपर्यंतचा रस्ता दिसतो. संदेशाच्या मजकुरासाठी वस्तू पुन्हा वाचणारी ती ओळ आम्हाला अखेर याच मांडणीत सापडली: एका टॅबमधली पट्टी संदेशाच्या उत्तराची वाट पाहत होती आणि दुसऱ्या टॅबमधली पट्टी दोन सेकंदांत नाकारली गेली.