हेडलाईटमध्ये वाफ धरली? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हेडलाईटमध्ये वाफ आहे का हे कोणी वाकून बघत नाही, तेव्हा सगळ्यांना एसीची पडलेली असते. जूनचे दोन दणकून पाऊस झाले की मग फोन सुरू होतात, "भो, हेडलाईटमा पानी भरी गयं, काय करू?" आणि फोन करायच्या आधी निम्म्या लोकांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं, तीच खरी अडचण. वाफेने जितके हेडलाईट खराब होत नसतील तितके ते आपल्या उपायांनी होतात. मी स्वतः एक असाच मारलाय, तो किस्सा येतोच पुढे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. हेडलाईट हा हवाबंद डबा नसतो. मागच्या बाजूला त्याला श्वास घ्यायची भोकं असतात, कुठे वाकडी रबरी नळी असते, कुठे छोटी टोपी, तर नवीन गाड्यांमध्ये गोल स्टिकरसारखा पांढरट-काळा पडदा, ज्यातून हवा जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. का ठेवलीत ही भोकं? कारण बल्ब तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट पाहिजे, आणि गार झाली की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. वाट नसेल तर तो दाब पुढची काच आणि मागची बॉडी यांच्या जोडावर येतो आणि जोडच सुटतो.

आता पावसाळ्यातली हवा आत गेली म्हणजे ओल पण गेलीच. ३० डिग्रीच्या भिजलेल्या हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, तीच हवा २० डिग्रीवर आली की १७ ग्रॅमच मावतं, उरलेलं सगळ्यात गार जागेवर म्हणजे पुढच्या काचेवर बसतं. (काच म्हणायची सवय आहे म्हणून, असतं ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक.) पण हिशोब करा, हेडलाईटमध्ये हवा किती, धरा ८-१० लिटर, म्हणजे बाहेर पडणारं पाणी दोन-तीन थेंब! एवढ्या पाण्याने काचेचा एक कोपरा धुरकट होतो बस. त्यामुळे पातळ धुकं दिसलं तर घाबरायचं नाही, आणि खाली चमचाभर पाणी डुलत असेल तर "हवेतली ओल असेल हो" म्हणून सोडून पण द्यायचं नाही, ते पाणी कुठून तरी सरळ आत गेलेलं आहे.

म्हणजे पहिली चूक हीच की दोन्हींत फरक न करणं. धुकं सकाळी दिसतं, लाईट लावून पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की विरळ व्हायला लागतं, उन्हात उभी केली की दुपारपर्यंत गायब. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी असेल, दोन-तीन दिवस ऊन मिळूनही वाफ तशीच असेल तर गळती. आणि सगळ्यात सोपी पारख म्हणजे दोन्ही लाईट शेजारी शेजारी बघा. दोघांत सारखीच वाफ असेल तर हवामान, एकाच लाईटमध्ये असेल तर त्या लाईटचं काहीतरी बिघडलंय. हे न बघता लोक थेट "पूर्ण सेट बदलून टाक" म्हणतात, मग नवीन सेटमध्ये पण पहिल्याच पावसाळी सकाळी धुकं दिसतं आणि दुकानदाराशी भांडण.

एलईडी हेडलाईट असलेल्यांना एक वेगळं सांगतो. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णतेत जाते आणि ती समोर काचेवर पडते, म्हणून काच लवकर सुकते. एलईडीची उष्णता मागे हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते, काच गारच राहते, त्यामुळे एलईडीवाल्या नवीन गाडीत वाफ जास्त वेळ टिकली म्हणून गाडी खराब निघाली असं नाही.

आता माझी चूक. चाळीसगावला असतो मी, पुण्या-संभाजीनगरला जायचं म्हणजे कन्नड घाट आलाच, आणि पावसाळ्यात पहाटे घाटात ढग गाडीच्या बोनेटवर येऊन बसतात. अशाच एका फेरीनंतर डाव्या हेडलाईटमध्ये चांगलीच वाफ दिसली. ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितलं, "काही नाही भाऊ, चारी बाजूने सिलिकॉन मारून टाकू, परत येणारच नाही." मारलं. मागची नळी दिसली तर तिच्यात पण मारलं, भोक म्हणजे गळतीच ना, असं त्याचं गणित आणि खरं सांगायचं तर माझं पण. आठ दिवसांनी बघतो तर आत मासे सोडायचे बाकी होते. घरी नाना अंगणात बसलेले, त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "माठनं तोंड बांधीसन पानी आटस का रे?" झालं, एवढ्यात सगळं आलं. गळत होतं वेगळीकडून, मागच्या रबरातून, आणि सुकायची जी एक वाट होती ती मी पैसे देऊन बंद केली होती.

सिलिकॉनचं आणखी एक आहे जे कोणी सांगत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, बंद डब्यात ते आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला आणि कनेक्टरच्या पिनांना चांगलं नाही. वर हेडलाईटची मागची बॉडी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची, तिला सिलिकॉन नीट धरतच नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो आणि मग त्या तेलकट जागेवर दुसरं काहीच चिकटत नाही. फेविक्विक टाईपचा गोंद तर अजिबात नको, त्याची वाफ आतून बसते आणि काचेवर पांढरा थर येतो, तो पुसायला हात आत जात नाही.

श्वासाची भोकं मुद्दाम बंद करणारे माझ्यासारखे थोडे, पण आपल्याकडे ती आपोआप बंद होण्याची सोय भरपूर आहे. काळ्या मातीची धूळ, कापसाच्या सीझनला उडणारे तंतू, आणि कुंभारीण माशी, तिला तर अशी नळी म्हणजे फुकटचं घर, मातीचं बूच मारून मोकळी. एकाच लाईटमध्ये वाफ राहत असेल तर आधी ह्या नळ्या-टोप्या काढून बघा. नळी असेल तर साध्या पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून, परत तशीच लावा, तोंड खाली राहील असं. पण पडद्याचा स्टिकर असेल तर त्याला टाचणी लावू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तो फाटला की पाणी सरळ आत. चिखलाने माखला असेल तर ओल्या मऊ फडक्याने वरच्यावर टिपा एवढंच.

मागचं रबर

माझ्या पाहण्यात तरी खरी गळती बहुतेक वेळा इथूनच असते, पुढच्या जोडातून नाही, आणि लोक मात्र पुढून सिलिकॉन मारत बसतात. एच४ बल्बच्या (हाय-लो बीम एकाच बल्बमध्ये) गाड्यांना मागे काळा रबरी बूट असतो. बल्ब गेला, रात्री धाब्यावर घाईत बदलला, बूट उलटा बसवला किंवा एका बाजूची कड आत दुमडून राहिली, झालं. बहुतेक बुटांवर वरची बाजू कोणती ती खूण असते, ती वर ठेवायची आणि कड सगळीकडून बोटाने फिरवून दाबायची. दहा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं रबर कडक होतं, चिरा पडतात. नवीन बूट स्वस्तात मिळतो, हेडलाईटच्या किमतीपुढे काहीच नाही, पण तो मागायचं कोणाला सुचत नाही. माझ्या डाव्या लाईटचा पण शेवटी बूटच निघाला.

ह्यातलाच मोठा पराक्रम म्हणजे बाहेरून एलईडी बल्ब टाकणं. त्याच्या मागे पंखा नाहीतर हीटसिंक असतो, बूट बसत नाही, मग मिस्त्री ब्लेड घेतो आणि बुटाला गोल भोक पाडतो, किंवा बूट तुमच्या हातात देतो आणि म्हणतो "याची गरज नाही आता." गरज नाही कशी! तिथून पाणी, धूळ, पाकोळ्या सगळं जाणार, आणि वरून एलईडी काच तापवणार नाही, म्हणजे गेलेलं पाणी सुकणार पण नाही. एच४ साठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असला बल्ब समोरच्याच्या डोळ्यात जातो ते वेगळंच.

गाडी धुताना

हायवेवरून तापून आलेली गाडी, लाईट पण चालू होते, आणि थेट सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून गार पाण्याचा फवारा. आतली हवा समजा ६० डिग्रीवरून २५ वर आली तर ती साधारण दहा टक्के आकसते, म्हणजे ८-१० लिटरमागे जवळपास लिटरभर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या वेळी बाहेर काय असतं तर पाण्याचे तुषार. अर्धा तास थांबा, चहा घ्या. आणि प्रेशरचा पाईप हेडलाईटच्या कडेवर जवळून धरू देऊ नका, बोनेट उघडून इंजिन धुताना तर अजिबातच नाही, मागच्या भोकांची रचना खालून उडणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी असते, प्रेशरच्या धारेसाठी नाही. धुणारा पोरगा हो हो म्हणतो आणि तेच करतो, म्हणून तिथे उभं राहावं लागतं.

पाणी काढताना होणाऱ्या चुका

हीट गन काचेवर धरू नका. ती सहज ४००-५०० डिग्रीची हवा फेकते, आणि पॉलिकार्बोनेट १४५-१५० च्या आसपास नरम पडतं, उन्हापासून वाचवणारा वरचा यूव्हीचा थर तर त्याआधीच खराब होतो. घरातला हेअर ड्रायर कमी सेटिंगवर, मागच्या बल्बच्या भोकातून, थोडा लांबून, मध्ये मध्ये थांबत, असा चालतो. पण खरं सांगू का, खान्देशात राहून ड्रायर कशाला पाहिजे, पावसाने दोन दिवस उघडीप दिली की बूट आणि टोप्या काढून, बोनेट उघडून गाडी उन्हात ठेवा, भोकांवर पातळ कापड लावा म्हणजे किडे जाणार नाहीत. तळाला पाणीच साचलं असेल तर लाईट खोलून काढावा लागतो, बऱ्याच गाड्यांत त्यासाठी बंपर सोडवावा लागतो, तिथे क्लिपा मोडायच्या भीतीने अर्धवट वाकवू नका, माहितगाराकडून करून घ्या. खोलायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढायला विसरू नका.

आतून फडकं घालून पुसायचा मोह तर प्रत्येकालाच होतो. तारेला कापड गुंडाळून आत घालतात. रिफ्लेक्टरवरचा चकाकता थर म्हणजे अॅल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा, एकदा घासला की निघाला, आणि निघालेल्या जागेवरून उजेड परत येत नाही. राहू द्या डाग. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका हे तर माहीत असेलच, बोटाचं तेल बसतं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून ठेवायच्या, हा पण एक फेमस उपाय. गाडी बंद असताना एखादी रात्र दोऱ्याला बांधून आत सोडा, सकाळी काढा, काही हरकत नाही. पण आत ठेवून बूट लावून टाकला तर पुडी एक दिवस ओल शोषून गच्च होते, त्यानंतर तिचा उपयोग शून्य, आणि खड्ड्यात घरंगळत तापलेल्या हॅलोजनला टेकली तर कागद जळणार.

आणि खाली ड्रिलने भोक पाडणारे! पाणी निघतं खरं, पण त्याच भोकातून चाकाने उडवलेलं पाणी आत जातं. वॉरंटी असेल तर ती पण गेली. वॉरंटीतल्या गाडीला तर स्वतः काहीच करू नका, थेंब दिसत असताना फोटो आणि व्हिडिओ काढा, कारण शोरूमला पोचेपर्यंत ऊन पडतं आणि सगळं सुकतं, मग "आम्हाला तर काही दिसत नाही साहेब" ऐकून परत यावं लागतं.

पुढचा जोडच गळतोय असा संशय असेल तर बघायची पद्धत अशी. लाईट काढून सुकवायचा, सगळी भोकं टेपने बंद करायची, एक नळी ठेवायची, जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि नळीतून तोंडाने हळू फुंकायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, चांगला जोड पण उघडेल. तपासून झाल्यावर टेप काढायला विसरू नका, हसू नका, होतं असं. सापडलेल्या जागेपुरतंच ब्युटाइल (जोडात भरायचं चिकट रबरी सीलंट) लावायचं, पूर्ण लाईट उघडायच्या भानगडीत पडू नका, कारण काही गाड्यांत ब्युटाइल असतं जे गरम करून सुटतं पण काहींत काच वेल्ड केलेली असते, ती ओढली की फुटते.

अॅक्सिडेंटनंतर हेडलाईट बदललाय आणि तेव्हापासून वाफ येते, अशा केसमध्ये मागची टोपी आहे का ते आधी बघा. नवीन युनिट बऱ्याचदा बल्ब आणि टोपीशिवाय येतं, जुन्यावरची काढून लावायची असते, आणि जुनं युनिट तर भंगारात गेलेलं असतं.

माझा डावा लाईट बूट बदलल्यावर आणि नळीतलं सिलिकॉन सुईने खरवडून काढल्यावर ठीक झाला, रिफ्लेक्टरवर खाली एक पांढुरका पट्टा राहिलाय तेवढा. घाटातून वर गेलं की अजून दोन्ही लाईटमध्ये कोपऱ्यात धुकं धरतं, सारखंच, आणि कन्नड ओलांडून चहाला थांबेपर्यंत गेलेलं असतं.