शिंपले, तिवर आणि माती : ठसेकामातल्या या चुका टाळा

किनाऱ्यावरून आणलेल्या वस्तूंबरोबर दोन गोष्टी न बोलावता घरात येतात : मीठ आणि चुना. पानाचा छाप डागाळतो किंवा चांगली भाजलेली टाइल नंतर फुटते, तेव्हा आधी या दोघांवरच संशय घ्या.

सगळ्यात महागात पडते ती शिंपला मातीत दाबून तसाच भट्टीत घालायची चूक. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ९०० अंशांच्या आसपास त्याची चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, होते; कोकणात शिंपले भाजून चुना काढत, तोच हा प्रकार. टाइल भट्टीतून सुरेख निघते. मग चुनकळी हवेतली ओल ओढून फुगते आणि काही दिवसांनी वरून मातीची टिकली उडते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजा, चुनाच. म्हणून ठसा घ्या, शिंपला काढून घ्या.

पुळणीवरची वाळू मातीत मळली तरी हेच होतं, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वापरू नका. खरखरीतपणा हवाच असेल, तर भाजलेल्या कौलांची चाळलेली भुकटी दहा टक्क्यांपर्यंत घाला.

शिंपला मातीला चिकटून ठसा फाटतो, कारण माती फार ओली असते. बोट टेकवल्यावर खूण उमटावी पण माती बोटाला लागू नये, इतकी ती सुकू द्या. शिंपल्यावर कॉर्नफ्लोअरचा हलका हात फिरवा. पिळाचा शंख खोल रुतवला तर निघताना कडा ओढून आणतो, तो अर्ध्यापेक्षा कमीच दाबा.

आता तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, पानं. तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो; कोरड्या दिवशी पान उन्हात तिरकं धरलं तर बारीक स्फटिक चमकताना दिसतात. तेच स्फटिक शाईत मिसळले की छापात पांढरे ठिपके राहतात. पानं गोड्या पाण्यात दोनदा धुवा, टिपा आणि वर्तमानपत्रात वजनाखाली रात्रभर ठेवा. शाई खालच्या बाजूला लावा, शिरा तिथे उठून असतात. ती बाजू लवदार असल्याने पहिला छाप फिका येतो. पान टाकून देऊ नका, दुसरा-तिसरा बघा. पानं मात्र गळून पडलेलीच उचला. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते हवंच.

शाई जास्त झाली की शिरा बुजतात. काचेवर रोलर फिरवताना बारीक सरसर आवाज यायला हवा. चिकट, ओला आवाज आला तर शाई कमी करा. पावसाळ्यात तेलाची शाई वाळायला आठवडाही लागतो, तोवर कागद एकावर एक रचू नका.

टाइल वाकते ती एका बाजूने सुकल्यामुळे. सगळीकडे ८ मिलिमीटर जाडी ठेवा आणि कागद घालून दोन लाकडी फळ्यांमध्ये सावकाश सुकवा. गालाला लावल्यावर गार लागली, तर आत ओल आहे. अशी टाइल भट्टीत फुटते.

लिनोवर, म्हणजे कोरून छापायच्या मऊ लिनोलियमवर, शंख कोरताना एक चूक हमखास होते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे असतं. सरळ कोरलात तर छापात ते डावीकडे जातं, आणि जाणकाराला शंख चुकीचा दिसतो. ट्रेसिंग पेपर उलटा करून मगच चित्र उतरवा. एक नांगी मोठी असलेल्या चिखलातल्या खेकड्याला ही अडचण नाही. त्याची मोठी नांगी दोन्हीकडे आढळते.

शंख घरी आणायची गरजही नसते. रिकाम्या शंखात शंखखेकडे राहतात, आणि काही जाती वन्यजीव कायद्यात येतात. ओल्या फडक्यात मातीचा गोळा आणि बाटलीभर गोडं पाणी घेऊन जा. शंख रिकामा आहे ना ते बघा, धुवा, पुसा, तिथेच ठसा घ्या आणि होता तिथे ठेवून द्या. गोळा भाजला की त्याचाच साचा होतो. माती सुकताना आणि भाजताना साधारण ८ ते १२ टक्के आटते, तेवढा शंख मोठा निवडा.